वरच्या मजल्याचं हवामान

त्या जानेवारीत डेस्मंड क्लेगच्या घरात दोन ऋतू एकाच वेळी नांदत होते. खाली बैठकीच्या खोलीत कडक उन्हाळा आणि वर निजायच्या खोल्यांमध्ये हाडं गोठवणारी थंडी. मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना. त्याची बायको ग्लेनिस वर जाताना दर चार पायऱ्यांना एकेक कपडा अंगावर चढवायची आणि खाली येताना तेच कपडे उलट्या क्रमाने कठड्यावर टाकत यायची. तो कठडा पाहून नवख्या माणसाला वाटावं, या घरातून कुणीतरी घाईघाईने पळून गेलंय.

दोष कशाचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त डेस्मंडला तो दोष वाटत नव्हता. विमा कंपनीत चौतीस वर्षं लोकांच्या फुटलेल्या पाइपांचे आणि जळालेल्या पडद्यांचे दावे तपासून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याने स्वतःला लाकडं जाळायचा एक लोखंडी स्टोव्ह भेट दिला होता. स्टोव्ह बैठकीच्या खोलीत. घरातला एकुलता एक थर्मोस्टॅटही त्याच खोलीत, स्टोव्हच्या अगदी समोरच्या भिंतीवर. डेस्मंडने चार ओंडके टाकले की थर्मोस्टॅटला वाटे, घर तापलं, आणि तो घरभरच्या रेडिएटरांना गरम पाणी पुरवणारा बॉयलर इमानेइतबारे बंद करून टाकी. वरच्या रेडिएटरांना या समारंभाचं आमंत्रणच नसे.

एरवी हेही खपून गेलं असतं. पण ऑक्टोबरात ग्लेनिसचे वडील, सिरिल, वरच्या मागच्या खोलीत राहायला आले. वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढलेली, त्यामुळे तक्रार करायची सवय नाही. ते फक्त सकाळी ओव्हरकोट आणि टोपी घालून नाश्त्याला खाली येत आणि उकडलेल्या अंड्याभोवती दोन्ही हात धरून बसत.

"झोप लागली का, डॅड?" ग्लेनिसने एका सकाळी विचारलं.

"लागली की. पहाटे दातांच्या आवाजाने जाग आली तेवढीच."

"दातांच्या? तुमचे दात तर रात्री ग्लासात असतात."

"हो ना. तिथेच वाजत होते."

सिरिल हसले. ग्लेनिस हसली नाही. तिने लोण्याची सुरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "डेस्मंड, या घरातून एक तर तुझा स्टोव्ह जाईल, नाहीतर मी डॅडना घेऊन ब्रायनकडे जाईन." ब्रायन तिचा भाऊ. त्याच्याकडे तीन कुत्री होती. म्हणजे बाई गंभीर होती.

तेव्हा डेस्मंडने मधला मार्ग काढला. स्टोव्ह जागच्या जागी ठेवायचा आणि वरच्या मजल्याला त्याचा स्वतःचा, फोनवरून चालणारा स्मार्ट थर्मोस्टॅट द्यायचा. खालचा खालचं बघेल, वरचा वरचं बघेल. काम कितीसं? दोन दिवसांचं. हे त्याने ज्या सुरात सांगितलं तो सूर ग्लेनिसने पूर्वीही ऐकला होता, बागेतलं तळं खणायच्या वेळी. त्या खड्ड्यात आता बटाटे लावतात.

ब्रॅकनशॉमधल्या त्या रस्त्यावर सगळी घरं जुळी. क्लेगांच्या घराला चिकटलेलं घर ट्रेव्हर पिकल्सचं, मधली भिंत दोघांत एक. ट्रेव्हर शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होता. शिक्षकांनी केलेल्या चुका निस्तरता निस्तरता आपल्याला विज्ञानातलं सगळं कळतं असं त्याचं मत बनलं होतं, आणि ते त्याने स्वतःपुरतं ठेवलं नव्हतं.

"दुसरा थर्मोस्टॅट? अरे, मीही तोच घेणार होतो," तो कुंपणावरून म्हणाला. "आमची मॉरीन वर शिवणकाम करत बसते, आणि तिला जरा उकडलं की भोवळ येते. दोन एकदम घेतले तर स्वस्त पडतात. फिटरही एकच बोलवू. वायरिंगचं मी बघतो."

"वायरिंगचं फिटर बघेल."

"फिटरचं मी बघतो," ट्रेव्हर म्हणाला.

बातमी रस्त्यावर पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, जाड पडदे लावा. कुणी म्हणालं, स्टोव्हच वर न्या. समोरच्या मिसेस ऑग्डेन म्हणाल्या की त्यांचे यजमान सत्तर वर्षं न तापवलेल्या खोलीत झोपले आणि कधी आजारी पडले नाहीत. ते कशाने गेले असं डेस्मंडने विचारल्यावर मात्र त्यांनी विषय बदलला.

डेस्मंडने इथे एक चूक केली. खरं तर ती चूक नव्हती, तो स्वभाव होता. चौतीस वर्षं लोकांनी परवानगी न घेता केलेल्या कामांचे दावे फेटाळलेला माणूस. आपलं काम तो बिनापरवानगी कसं करणार? त्याने नगरपालिकेला फोन केला. बांधकाम खात्यातल्या बाईंनी सांगितलं, तुमचा फिटर नोंदणीकृत असेल तर तुम्हाला काही करायची गरज नाही. डेस्मंडला हे पटेना. सरकारी खातं आणि काही करायची गरज नाही? त्याने आग्रहाने संगणकावरचा अर्ज भरला. 'कामाचं स्वरूप' या चौकटीत त्याने लिहिलं: 'घराला नवीन स्वतंत्र वरचा मजला तापनियंत्रण'. चौकटीत अक्षरं मोजकीच मावत होती. शेवटचा शब्द तिने गिळून टाकला.

नऊ दिवसांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला पिवळी नोटीस लागली, की क्लेग कुटुंब आपल्या घराला नवीन स्वतंत्र वरचा मजला चढवू इच्छिते, हरकती असल्यास कळवाव्यात.

हरकती होत्या. मिसेस ऑग्डेननी एका दुपारी अकरा सह्या गोळा केल्या. त्यांच्या खिडकीतून जे टेकडीचं टोक दिसतं ते झाकलं जाईल, असं निवेदनात म्हटलं होतं. डेस्मंडने त्यांना जिन्यापर्यंत नेलं, थर्मोस्टॅटचं चित्र दाखवलं, हे फक्त तळहाताएवढं आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला सगळे असंच सांगतात." मग त्याने निवेदन वाचलं. चौथी सही सिरिलची होती.

"डॅड, तुम्ही पण?"

"अरे पोरा, ती बाई एवढी थंडीत आली होती," सिरिल म्हणाले. "आणि तिने टॉफी दिली."

अर्ज मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज होता. मजला बांधलेला नाही याची खात्री करायला एक निरीक्षक आला. त्याने रस्त्यावर उभं राहून घराचे मजले मोजले. "दोन," तो म्हणाला, आणि वहीत लिहिलं. मग बहुधा नोकरीच्या भीतीने, पुन्हा एकदा मोजले.

एवढं झाल्यावर फिटर आली. डेनिस अटली तिचं नाव. ठेंगणी, झपाट्याची बाई, तोंडात कायम पेन्सिल. तिने कामाचा बेत सोप्या शब्दांत सांगितला: बॉयलरमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या वाटा दोन करायच्या, वरच्या वाटेवर विजेवर उघडमीट करणारा एक व्हॉल्व्ह बसवायचा, व्हॉल्व्हशेजारी एक छोटी डबी लावायची, आणि खोलीत लावलेली गोल डायल त्या डबीला बिनतारी हुकूम देईल. जितकी जास्त ऊब हवी, तितका जास्त उघड. पुरे झालं, मीट.

"आणि मी काय करू?" डेस्मंडने विचारलं.

"तुम्ही चहा करा, मिस्टर क्लेग. आणि माझ्यामागे वर येऊ नका. फळ्या उचलल्या आहेत, मध्ये नुसतं खालचं छत आहे."

चहा घेऊन डेस्मंड तिच्यामागे वर गेला.

त्या वेळी खाली बैठकीच्या खोलीत ग्लेनिसच्या चर्चमधल्या गायनमंडळाची समिती बसली होती. ईस्टरला काय गायचं यावर चार बायकांचं एकमत होत आलं होतं. तेवढ्यात छतातून थोडी भुकटी पडली, मग एक मोठा तुकडा, आणि त्यामागून तपकिरी सपाता घातलेला एक पाय मांडीपर्यंत खाली उतरला आणि दिव्याशेजारी लोंबकळू लागला. कुणी किंचाळलं नाही. इंग्लंडच्या त्या भागात किंचाळायची रीत नाही.

"हा डेस्मंडचा पाय," ग्लेनिसने ओळख करून दिली. "साखर कुणाला हवी?"

वर डेस्मंडला आपल्या शरीराचा अर्धा भाग परिचितांमध्ये आहे ही जाणीव फार बोचली. चहाचा ट्रे मात्र त्याने दोन्ही हातांनी वर धरून ठेवला होता आणि एक थेंबही सांडू दिला नव्हता. हे नंतर त्याने अनेकांना सांगितलं. कुणी दाद दिली नाही.

दुपारी ट्रेव्हर दोन्ही खोकी घेऊन आला. फिटर दोन्ही घरांत डब्या बसवत होती तोवर त्याने क्लेगांच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही डायली मांडल्या, सूचनापुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागला. डायल आणि डबी यांची जोडी कारखान्यातच जुळवून येते, तिथून पुढे ती डायल त्याच डबीशी बोलते, असं त्यात पहिल्याच पानावर होतं. ते वाचून झालं आणि त्याची बायको मॉरीन आलं घातलेला केक घेऊन आली. टेबलावर जागा करायला ट्रेव्हरने डायली उचलून खिडकीत ठेवल्या. केक संपल्यावर त्याने एक डेस्मंडच्या हातात दिली आणि एक स्वतःच्या खिशात टाकली.

डेनिसने डबीचं बटण हाताने दाबून पाहिलं. व्हॉल्व्ह उघडला, वरचे रेडिएटर तापले. तिने सही केली, कागद दिला, आणि "मी पंधरा दिवस बहिणीकडे स्पेनला चालले, काही लागलं तर फोन करू नका," असं सांगून निघून गेली. डेस्मंडने सिरिलच्या खोलीत डायल लावली, आकडा एकवीसवर ठेवला आणि सासऱ्यांना म्हणाला, "आता उद्या शर्टावर नाश्त्याला या."

दुसऱ्या दिवशी सिरिल कोट, टोपी आणि मफलर घालून आले.

"थोडा वेळ लागेल त्याला," डेस्मंड म्हणाला. "नवीन आहे."

त्याने आकडा बावीस केला. मग चोवीस. खोलीत तेरा अंश. पूर्वी निदान रात्री स्टोव्ह विझल्यावर बॉयलर वरची विचारपूस करायचा. आता वाटा वेगळ्या झाल्यामुळे तेवढीही ओळख उरली नव्हती. फोनवरच्या ॲपमध्ये मात्र हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं: 'तुमचं घर उबदार होत आहे'.

त्याने कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक अत्यंत सभ्य तरुण बोलू लागला.

"सर, मला इथे सगळं व्यवस्थित दिसतंय. डायल ऊब मागतेय, डबी होकार देतेय, व्हॉल्व्ह उघडा आहे."

"खोलीत तेरा अंश आहे."

"हो, तेही दिसतंय. काही प्रश्न विचारतो. खिडक्या बंद आहेत?"

"आहेत."

"दरवाजे?"

"बंद."

"घराला छप्पर आहे का, सर?"

डेस्मंडने मान वर करून छताकडे पाहिलं.

"मला यादीतले सगळे प्रश्न विचारावे लागतात, सर."

"आहे," डेस्मंड म्हणाला. "नगरपालिकेने मोजून खात्री करून घेतली आहे."

ग्लेनिसने विजेचा हीटर आणला. सिरिलनी त्याचा प्लग काढून ठेवला. त्यांच्या लहानपणीच्या मित्राची केबिन तसल्या हीटरने जळाली होती. त्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. शेवटी डेस्मंडने काळजावर दगड ठेवून स्टोव्ह पेटवणंच बंद केलं. त्यागाचा काही उपयोग झाला नाही. खालचा थर्मोस्टॅट आता फक्त खालचं बघत होता, तो बैठकीची खोली छान तापवी, वर तेरा अंश ते तेराच.

एक गोष्ट तेवढी विचित्र होती. सिरिलनी आपली खुर्ची पिकल्सांच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

"इथे बरं वाटतं," ते म्हणाले. "भिंत उबदार आहे."

डेस्मंडने हात लावून पाहिला. भिंत खरंच उबदार होती. विमा कंपनीत मुरलेला माणूस. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुर्दैवाने तो चुकीच्या जागी पडला. त्याची ऊब भिंतीतून शेजारी जात होती! तो पैसे भरणार, बॉयलर जाळणार, आणि ट्रेव्हर पलीकडे बसून शेकणार!

कुंपणापाशी तो जाब विचारायला गेला, तर ट्रेव्हर आधीच तिथे जाब विचारायला उभा होता. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि ट्रेव्हरच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता.

"तुझ्या त्या भट्टीचं काहीतरी कर, डेस्मंड! भिंतीतून आग येतेय आमच्याकडे. वर एकोणतीस अंश आहे. मॉरीनला शिवता शिवता भोवळ आली काल."

"माझी भट्टी? माझा सासरा वर कुडकुडतोय. माझी ऊब तू ओढून घेतोयस."

"मी ओढतोय? माझी डायल आठवर आहे! आठ! याहून खाली जात नाही ती!"

"माझी सव्वीसवर आहे!"

"बघ! कबूल केलंस!"

"काय कबूल केलं?"

ते ट्रेव्हरलाही नेमकं सांगता आलं नाही, पण तो पाय आपटत घरात गेला. बावीस वर्षांत प्रथमच पिकल्सांची खिडकी धाडकन बंद झाली. तीही लगेच उघडावी लागली, आत उकडत होतं.

त्यानंतर चार दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. वर सिरिलना थंडी वाजली की ते डायल थोडी वाढवत. पलीकडे मॉरीनला उकडलं की ती आपली तपासून पाही, आठवरच असे. तिच्या जिन्यातल्या कुंडीतल्या लिंबाला मात्र जानेवारीत फुलं आली.

शुक्रवारी सकाळी पाकीट आलं. त्यावर नाव सिरिलचं होतं, पण ते फोडलं डेस्मंडने, कारण क्लेग आणि केर्शॉ ही नावं चष्म्याशिवाय सारखीच दिसतात. आतल्या कागदावर लिहिलं होतं की लार्चमाउंट वृद्धनिवासात मिस्टर सिरिल केर्शॉ यांच्यासाठी खोली क्रमांक सहा सोमवारपासून राखून ठेवली आहे, कृपया दोन उशा आणि चपला सोबत आणाव्यात.

डेस्मंड कागद हातात धरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. गेला महिनाभर त्याची बरीच फजिती झाली होती. छतातून लोंबकळणं झालं, मजले मोजून घेणं झालं. पण त्या सगळ्यात कुठे तरी आपण हे म्हाताऱ्यासाठी करतोय, हा एक आधार होता. तो आता गेला. तो वर गेला. सिरिल भिंतीला पाठ लावून बसले होते.

"हे काय, डॅड?"

सिरिलनी कागद पाहिला. "मिळाली का खोली? बरं झालं. ग्लेनिसला मीच सांगणार होतो."

"पण का?"

"अरे, तुझ्या यंत्राचा दोष नाही. ते हिरवी खूण दाखवतंय ना? मग खोली तापलेलीच असणार. मलाच लागत नाही ऊब. रक्त पातळ झालंय माझं." त्यांनी टोपी सारखी केली. "तू माझ्यापायी स्टोव्ह बंद केलास. शेजाऱ्याशी भांडलास. छताला भोक पाडलंस. एका म्हाताऱ्यासाठी किती करायचं माणसाने? सहा नंबरला म्हणे दक्षिणेची खिडकी आहे."

डेस्मंडला काहीतरी बोलायचं होतं, पण जे बोलायचं होतं त्यासाठी त्याच्याकडे शब्द नव्हते. चौतीस वर्षं त्याने फक्त 'दावा अमान्य' हेच लिहिलं होतं. तो एवढंच म्हणाला, "खोलीत तेरा अंश आहे, डॅड. तुमचं रक्त ठीक आहे." आणि खाली जाऊन तो ग्लेनिसला सांगायच्या आधी मागच्या अंगणात बराच वेळ उभा राहिला.

शनिवारी दुपारी मॉरीन आली. नवऱ्यांचं बोलणं बंद होतं, पण सोमवारी जाणाऱ्या सिरिलना निरोप द्यायला यायला तिला कुणाची हरकत नव्हती. ती उन्हाळी झगा घालून, रुमालाने मान पुसत सिरिलच्या खोलीत शिरली आणि पहिल्याच पावलाला म्हणाली, "अगं बाई, काय सुंदर गार आहे इथे!" मागोमाग ट्रेव्हर आला. बायकोला एकटीला शत्रूच्या घरात पाठवणं त्याला बरोबर वाटलं नव्हतं. त्याच्यामागे डेस्मंड आणि ग्लेनिस.

"गार आहे, ऐकलंस?" डेस्मंड म्हणाला. "आता बोल, कोण कुणाची ऊब नेतंय?"

"विज्ञानाच्या दृष्टीने ऊब गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. तेव्हा मीच तुला देतोय ती! आभार मान!"

"आभार? सव्वीसवर ठेवून—"

"गप्प बसा दोघं," सिरिल म्हणाले.

त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण चाळीस वर्षं त्या आवाजावर मालगाड्या थांबल्या होत्या. दोघं गप्प बसले.

"मॉरीन, पोरी, तुला जास्त कधी उकडतं?"

"मंगळवारी संध्याकाळी फार उकडलं. आणि काल सकाळी तर विचारू नका."

सिरिल भिंतीवरच्या डायलकडे बघत राहिले. "मंगळवारी संध्याकाळी मी चोवीसचं सव्वीस केलं. काल सकाळी हे पत्र आलं, मला जरा जास्तच थंडी वाजली, तेव्हा सत्तावीस केलं." ते थांबले. "आमच्या केबिनमध्ये एकदा तारा बदलल्या. दुसऱ्या दिवशी मी चार नंबरचा दांडा ओढला, चारचा सिग्नल ढिम्म हलेना. मी पुन्हा ओढला. पलीकडे सातचा मात्र खाली-वर, खाली-वर. दांडा चांगला, सिग्नल चांगला. तार तेवढी भलतीकडे बांधलेली."

ट्रेव्हरचा चेहरा सूचनापुस्तकाचं पहिलं पान आठवल्यासारखा झाला.

"मॉरीन, तू घरी जा," सिरिल म्हणाले. "वर जाऊन रेडिएटरवर हात ठेव आणि डायल तिथल्या उकाड्याच्याही वर, तीसवर ने. मी इथली खाली आणतो. तुझा रेडिएटर निवायला लागला की भिंतीवर दोनदा ठोक."

मॉरीन गेली. सिरिलनी डायल सत्तावीसवरून दहावर आणली. चौघंजण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यांच्या पाठीमागे, खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये, काहीतरी टक् वाजलं. पाणी खळखळत आल्याचा आवाज झाला. ग्लेनिसने धावत जाऊन हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"डॅड! तापतोय!"

अजून पाच मिनिटांनी भिंतीवर दोन ठोके पडले. सिरिलनी काठीने दोन ठोके परत दिले, आणि मग, कुणी न सांगता, आणखी एक.

ट्रेव्हर घसा साफ करत म्हणाला, "तसं पाहिलं तर दोन्ही यंत्रं अगदी बिनचूक चालत होती."

डेस्मंडला या वाक्यावर बरंच काही सुचलं. पण तो हसायला लागला आणि मग त्याला थांबता येईना. तो सिरिलच्या पलंगावर बसून डोळे पुसत हसत राहिला, आणि डोळ्यांतलं सगळंच पाणी हसण्याचं होतं असं नाही. म्हाताऱ्याचं रक्त ठीक होतं. भिंत चोर नव्हती. शेजारी चोर नव्हता. चार दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं की माणसाला किती हलकं वाटतं, हे विम्याच्या कुठल्याच अर्जात लिहायला जागा नसते.

दुरुस्ती अशी झाली: डेस्मंडने आपली डायल भिंतीवरून काढली, ट्रेव्हरने आपली काढली, आणि दोघांनी कुंपणावरून त्यांची अदलाबदल केली. महिनाभराच्या कामाचा शेवट अर्ध्या मिनिटात. मॉरीनच्या लिंबाची फुलं दोन दिवसांत गळाली, त्याचं तिला फार वाईट वाटलं, पण भोवळ पुन्हा आली नाही. स्टोव्ह पुन्हा पेटला. छताच्या भोकावर ग्लेनिसने तात्पुरता पुठ्ठा लावला आणि समितीची पुढची बैठक दुसऱ्या एका बाईच्या घरी ठरवली.

रविवारी सकाळी सिरिल शर्ट आणि पातळ स्वेटर घालून खाली आले. नाश्ता झाल्यावर डेस्मंडने लार्चमाउंटला फोन लावला. तो आपणच करायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"मिस्टर केर्शॉ यांची सहा नंबरची खोली रद्द करायची आहे," तो म्हणाला.

"अरेरे," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "कारण नोंदवावं लागेल. मृत्यू, दुसऱ्या संस्थेत स्थलांतर, आर्थिक अडचण, की इतर?"

"इतर."

"इतरसाठी थोडक्यात खुलासा द्यावा लागतो."

डेस्मंडने श्वास घेतला. "असं आहे, त्यांची ऊब शेजारच्या घरी जात होती आणि शेजारच्यांचं हवामान आमच्याकडे येत होतं. म्हणजे भिंतीतून नाही. बिनतारी. मध्ये केक होता."

पलीकडे कळफलकावर दोन-तीन अक्षरं वाजली आणि थांबली. मग बाई अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, "सर, मी 'मृत्यू'वर खूण करू का? त्याला खुलासा लागत नाही."

डेस्मंडने फोनवर हात ठेवला आणि सासऱ्यांना विचारलं.

"कर म्हणावं," सिरिल टोस्टला मुरंबा लावत म्हणाले. "निदान परत फोन तरी करायचे नाहीत."